अज्ञान पालनकर्ता

माणूस वयात नेमका कधी येतो, याचं सरळ उत्तर ज्याला हवं असेल त्यानं निदान कायद्याच्या पुस्तकात डोकं घालू नये. गेली वीस-बावीस वर्षं मी सोलापुरात बँकेच्या काउंटरमागे बसून लोकांचे जन्मदाखले तपासतो आहे, तेव्हा या विषयावर बोलायचा थोडाफार अधिकार मला आहे. एसटीच्या हिशेबी माणूस पाच वर्षांचा होईपर्यंत जन्मलेलाच नसतो आणि पाच ते बारा तो अर्धा असतो. हाच अर्धा माणूस दहा वर्षांचा झाला की बँकेत स्वतःच्या सहीनं बचत खातं चालवू शकतो. रिझर्व्ह बँकेनं २०१४ साली तशी मुभा दिलेली आहे. चौदा वर्षांच्या आत त्याला कारखान्यात कामाला ठेवता येत नाही. मत द्यायला अठरा लागतात; १९८९ पर्यंत एकवीस लागायचे. लग्नाला मुलीला अठरा आणि मुलाला एकवीस. म्हणजे देश कोणी चालवावा हे ठरवायची अक्कल पुरुषाला अठराव्या वर्षी येते आणि संसार चालवायची त्यानंतर तीन वर्षांनी. आमच्या घरच्या मताप्रमाणे ती अजूनही आलेली नाही, पण तो मुद्दा सोडून देऊ.

अठरा वर्षांच्या आतल्या माणसाला आपल्या मराठी कायद्यानं मोठा मजेदार शब्द दिला आहे – ‘अज्ञान’. इंग्रजीत त्याला नुसतं ‘मायनर’, म्हणजे धाकटा म्हणतात. आपण थेट त्याच्या बुद्धीवरच शेरा मारून मोकळे होतो. आणि अशा धाकट्याच्या वतीनं जो सही करतो तो ‘अज्ञान पालनकर्ता’. सातबाऱ्याच्या उताऱ्यावर ‘अ.पा.क.’ अशी तीन अक्षरं तुम्ही पाहिली असतील, ती याचीच. आता हा अज्ञानाचा पालनकर्ता, की पालनकर्ताच अज्ञान, हे समास सोडवणाऱ्यावर अवलंबून आहे. शाळेत समासात मला कधी चांगले मार्क पडले नाहीत, पण या एका समासाचा विग्रह मी स्वतः दोन मुलांचा बाप झाल्यावर बरोबर करायला शिकलो.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे सिनेमा. १९८३ साली सरकारनं ‘यू’ आणि ‘ए’ या दोन शिक्क्यांच्या मध्ये ‘यूए’ नावाचा तिसरा शिक्का आणला. त्याचा मथितार्थ असा की, मुलानं बघायला हरकत नाही, पण आईबापांनी काय ते बघून घ्यावं. चाळीस वर्षं आईबापांनी काय बघितलं कोण जाणे, पण २०२३ साली कायदा दुरुस्त करून त्या एका ‘यूए’चे तीन केले – सात वर्षांवरचा, तेरा वर्षांवरचा आणि सोळा वर्षांवरचा. एखाद्या मुदत ठेवीचे तीन वेगवेगळ्या दरांत भाग पाडावेत तसे.

त्यावर आमच्या शाखेत जेवणाच्या सुट्टीत डबे उघडून जी चर्चा झाली, ती संसदेतसुद्धा झाली नसेल. आमच्या हेडकॅशियरांचं म्हणणं, “आमच्या वेळी असलं काही नव्हतं हो.” हे वाक्य ते शेंगाचटणीपासून शेअरबाजारापर्यंत कशावरही वापरतात. कर्जविभागातल्या बाईंच्या मते सगळंच बंद करून मुलांना रामरक्षा शिकवावी. नव्यानं लागलेल्या तरुण अधिकाऱ्याच्या मते मुलांना सगळं खुलं करावं. अर्थात त्याचं अजून लग्न व्हायचं होतं. शेवटी आमचा शिपाई डब्याचं झाकण लावता लावता म्हणाला, “सात वर्षाचं पोरगं अन् सोळा वर्षाचं पोरगं एकाच मोबाईलवर बघतेत की साहेब. मोबाईलला कुठं स्टॉल अन् बाल्कनी हाय?” यावर कोणालाच काही सुचलं नाही, म्हणून सगळे हात धुवायला उठले.

माझ्यापुरता हा प्रश्न घरातही उभा होता. आमची धाकटी तेव्हा बारा वर्षांची. मोबाईलवर एका चिमुरडीचा नाच बघत होती. ओठ रंगवलेले, भुवया कोरलेल्या, आणि गाण्याचे शब्द असे की मोठ्यांनीही एकेकट्यानंच ऐकावेत. मी बापाला शोभेल अशा आवाजात म्हटलं, “ठेव तो खाली. हे बघायचं तुझं वय नाही.” तिनं मोबाईल ठेवला. पोरगी गुणी आहे. पण ठेवता ठेवता म्हणाली, “बाबा, माझं बघायचं वय नाही, मग तिचं करायचं कसं काय आहे? ती तर दुसरीत आहे.”

मी बी.कॉम. झालेला माणूस आहे. वाणिज्य शाखेत बाकी काही डोक्यात शिरलं नाही तरी एक गोष्ट शिरते, की प्रत्येक नावेला कुठे ना कुठे जमा असते. एकाच बाजूला नोंद करून खतावणी जुळत नाही. आणि इथे पोरीनं माझ्या हातात अशी खतावणी ठेवली होती की जिच्यात बघणाऱ्याचं वय मोठ्या अक्षरांत लिहिलंय आणि करणाऱ्याचा रकाना कोरा! ही चूक आजची की जुनी, हे बघावं म्हणून मी मागच्या वह्या उघडल्या. त्या उघडता उघडता थेट पेशवाईपर्यंत गेलो, आणि तिथेही पहिली नोंद आमच्या सोलापूरचीच निघाली.

लावणीकार राम जोशी हे आमच्या गावचे. घर विद्वान ब्राह्मणाचं आणि पोराला नाद तमाशाचा. धोंडी शाहिराच्या फडाशी हा जाऊन बसायचा. थोरल्या भावानं समजावून पाहिलं, दटावून पाहिलं आणि अखेर घराबाहेर काढलं, असं त्यांच्या चरित्रात सांगतात. रामभाऊ पंढरपूरला गेले, तिथे संस्कृत शिकले आणि एवढं शिकून पुन्हा तमाशातच आले. आज तेच राम जोशी मराठीच्या अभ्यासक्रमात आहेत. म्हणजे ज्या गोष्टीपायी त्यांना घर सोडावं लागलं, त्याच गोष्टीवर आता विद्यापीठात दहा मार्कांचा प्रश्न येतो. १९४७ साली ‘लोकशाहीर रामजोशी’ हा चित्रपट आला, जयराम शिलेदार त्यात राम जोशी झाले होते, आणि मराठीत तमाशापटांची लाट उसळली. एका पिढीनं वाईट ठरवलेली गोष्ट तिसऱ्या पिढीत परंपरा होते आणि चौथ्या पिढीत पाठ्यपुस्तक, हा नियम तुम्हीआम्ही सगळ्यांनीच ऐकलेला आहे. मी इथपर्यंत येऊन थांबलो असतो तर हा लेख केव्हाच संपला असता.

पण डोक्यात पोरीचा प्रश्न होता. रामभाऊ तमाशा बघायला जात, तेव्हा तिथे नाचत कोण होतं? त्या काळच्या फडात लुगडं नेसून, पायांत चाळ बांधून नाचायला बहुधा पोरगाच असे. ‘नाच्या पोऱ्या’ हा शब्दच त्यावरून आला. जोशांचा मुलगा तिथे गेला म्हणून आळीभर बोभाटा झाला असेल. त्या नाच्या पोऱ्याचं वय काय, तो रात्री जेवला का, पहाटे झोपला कुठे, याची चौकशी कोणी केल्याची नोंद मला तरी कुठे सापडली नाही. तो कोणाचा तरी मुलगा असणारच की! पण तो ‘आपला’ नव्हता.

पुढे इंग्रजी अंमल आला आणि मुलांनी काय वाचावं याची रीतसर काळजी सुरू झाली. १८२८ साली सदाशिव काशिनाथ छत्रे यांनी इसापच्या गोष्टी मराठीत आणल्या. लांडगा कोकराला फाडून खातो, बेडकी फुगून फुटते, पण शेवटी तात्पर्य असल्यामुळे सगळं सात्त्विक. या बाबतीत आमचा एकूण हिशेब असा दिसतो की, गोष्टीच्या शेवटी तात्पर्य असेल तर मधल्या मुडद्यांची मोजदाद करायची नाही. ‘चांदोबा’त दर महिन्याला राजा विक्रम खांद्यावर प्रेत टाकून स्मशानातून चालत निघायचा आणि ते अंक आमच्या आयांनी स्वतः पैसे देऊन आम्हाला आणून दिले. उलट बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा मात्र आमच्या वडिलांनी भूगोलाच्या पुस्तकात लपवून वाचल्या. अर्नाळकरांनी हजारावर पुस्तकं लिहिली. महाराष्ट्रातल्या एका आख्ख्या पिढीचा भूगोल कच्चा राहण्याचं कारण इथे सापडावं.

आणि ज्यांना मुलांच्या वाचनाची एवढी काळजी, त्यांच्याच काळातला दुसरा कागद बघा. सोलापुरात पहिली कापडगिरणी निघाली १८७७ साली, आपली जुनी मिल. त्यानंतर चार वर्षांनी, १८८१ साली, कारखान्यांचा पहिला कायदा आला. त्यात सात वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवायला मनाई केली, आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांकडून दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त काम घेऊ नये असं म्हटलं. ही सुधारणा होती! म्हणजे पेठेतला मुलगा कादंबरी वाचून बिघडेल ही धास्ती, आणि चाळीतल्या मुलानं नऊ तास यंत्रापुढे उभं राहावं ही सोय.

मग आलं संगीत नाटक. नाटक मध्यरात्र उलटून जाईपर्यंत चालायचं आणि ते बघायला चोरून जाणाऱ्या पोरांना दुसऱ्या दिवशी घरी वेगळा अंक बघायला मिळायचा. नाटकाच्या नादानं मुलं वाया जातात यावर ब्राह्मण आळीपासून व्यापारी पेठेपर्यंत सगळ्यांचं एकमत होतं. पण रंगमंचावर बायकांनी येणं अशिष्ट मानल्यामुळे स्त्रीभूमिका करायला गोड गळ्याची, मिसरूड न फुटलेली मुलं लागत. नारायण राजहंस किर्लोस्कर मंडळीत शकुंतला झाले १९०५ साली, तेव्हा ते सतरा वर्षांचे होते. केशवराव भोसले त्याहून कितीतरी लहान वयात कंपनीत गेले आणि देवलांच्या ‘शारदा’त शारदा म्हणून गाजले. ‘शारदा’ नाटक १८९९ सालचं. कोवळ्या पोरीचं म्हाताऱ्याशी लग्न लावायचा घाट घातला जातो, त्यावरचं. प्रेक्षक त्या पोरीसाठी धाय मोकलून रडत. आणि ती पोर म्हणून जो पोरगा उभा असे, त्याला पुढच्या गावची गाडी गाठायची असे. त्याच्यासाठी रडायला तिकिटात वेगळी तरतूद नव्हती.

१९२९ साली बालविवाहाविरुद्ध कायदा झाला, त्याला आपण ‘शारदा कायदा’ म्हणतो. पुष्कळांना वाटतं की तो या नाटकावरून. तो खरं तर हरविलास सारडा यांच्या नावावरून. पण मराठी माणसाला एखादी गोष्ट नाटकातून आली असं वाटलं की ती जास्त पटते.

मधल्या काळात सरकारनं एक नवीनच प्रयोग केला. मुलांऐवजी सगळ्या देशालाच अज्ञान ठरवलं. खाडिलकरांचं ‘कीचकवध’ १९०७ साली रंगभूमीवर आलं आणि १९१० साली इंग्रजांनी त्याच्यावर बंदी घातली. कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन हे प्रेक्षकांतल्या शेंबड्या पोरालाही कळत होतं, अडचण तीच होती. इंग्रज गेले तरी पालनकर्ते राहिले. १९५२ साली नभोवाणी खात्याचे मंत्री झालेले बाळकृष्ण केसकर – आपले मराठीच गृहस्थ – यांनी चित्रपटगीतं आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार केली. मग देशानं रेडिओचा काटा सिलोनकडे वळवला. अखेर १९५७ साली ‘विविध भारती’ काढावी लागली. अज्ञानाला आवडीची गोष्ट घरात मिळाली नाही की ते शेजारी जाऊन बघतं, हा धडा सरकारनं पाच वर्षांत घेतला. आईबापांना जरा वेळ लागतो.

सिनेमाकडे येतो. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. त्यात रोहिदासाचं काम फाळक्यांचा मुलगा भालचंद्र यानं केलं. सिनेमात रोहिदास मरतो, म्हणून दुसऱ्या कोणी आपलं मूल द्यायला तयार होईना असं सांगतात. १९१९ च्या ‘कालिया मर्दन’मध्ये त्यांची मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली. फाळक्यांच्या बाजूनं एक गोष्ट मात्र आवर्जून लिहिली पाहिजे: कॅमेऱ्यापुढे पोरं त्यांची स्वतःची होती, आणि ‘आता पुरे’ म्हणणारा बाप कॅमेऱ्याजवळच उभा होता.

यानंतरची नोंद मी तीन वेळा तपासली, कारण हिशेब इतका विचित्र जुळला की मलाच शंका आली. १९४९ साली कायद्यात दुरुस्ती होऊन चित्रपटांना ‘यू’ आणि ‘ए’ असे शिक्के ठरले. ‘ए’ म्हणजे अठरा वर्षांवरच्यांसाठी. हा ‘ए’ शिक्का मिळालेला पहिला भारतीय चित्रपट म्हणून १९५० च्या ‘हंसते आँसू’चं नाव घेतात. त्याची नायिका मधुबाला. मधुबालाचा जन्म १४ फेब्रुवारी १९३३ चा. करा वजाबाकी. १९५० साल संपेपर्यंतही ती अठराची होत नाही! म्हणजे देशातला पहिला ‘फक्त प्रौढांसाठी’ सिनेमा बघायला त्याच्या नायिकेलाच दारावरच्या माणसानं अडवायला हवं होतं. तशी ती १९४२ सालीच ‘बसंत’ चित्रपटात ‘बेबी मुमताज’ नावानं कामाला लागली होती, तेव्हा नऊ वर्षांची होती. घरातली मिळवती व्यक्तीही पुढे तीच.

आणखी एक वजाबाकी करून ठेवतो. १९४९ सालीच मुलीच्या लग्नाचं किमान वय चौदावरून पंधरा केलं, आणि ते पंधराच राहिलं १९७८ पर्यंत. म्हणजे जवळजवळ तीस वर्षं या देशात सोळा वर्षांची मुलगी कायदेशीरपणे बायको होऊ शकत होती, आई होऊ शकत होती. फक्त ‘ए’ सिनेमा बघू शकत नव्हती. कडेवर मूल घेतलेल्या त्या पोरीला थिएटरच्या दारात “बाई, हे बघायचं तुमचं वय नाही” म्हणून परत पाठवणारा डोअरकीपर मला नेहमी डोळ्यांपुढे दिसतो. कायद्यानं तो बरोबर असतो.

मुलांसाठी चांगलं काही नव्हतं असं नाही. १९५३ साली अत्र्यांचा ‘श्यामची आई’ आला. राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक त्याला मिळालं, आणि नंतरच्या कित्येक पिढ्यांना शाळेनं रांगेत उभं करून तो दाखवला. आम्हालाही दाखवला. त्यानंतर कितीतरी दिवस मी आईशी इतका चांगला वागत होतो की तिनं मला कपाळाला हात लावून ताप आहे का पाहिलं. १९५५ साली सरकारनं बालचित्र समिती काढली, तिचं २०२२ साली चित्रपट विकास महामंडळात विलीनीकरण झालं. विलीनीकरण म्हणजे काय असतं, हे बँकेतल्या माणसाला समजावून सांगायला नको.

पण सगळ्या वडीलधाऱ्यांचं ज्यावर एकमत होतं, शाळा ज्याला सवलतीचे पास वाटत, अशी करमणूक एकच – सर्कस. मराठी माणसाला तिचा अभिमान आणखी, कारण पहिली भारतीय सर्कस १८८० साली विष्णुपंत छत्र्यांनी उभी केली. जोडीला रस्त्यावर डोंबाऱ्याचा खेळ. मकरसंक्रांतीला सिद्धेश्वराच्या गड्ड्यात होम मैदानावर मी वडिलांच्या खांद्यावर बसून जे जे पाहिलं, त्यात एक दोरीवरून चालणारी मुलगी होती. हातात बांबू, डोक्यावर एकावर एक तांबे. माझ्याएवढीच असेल. वडिलांनी चार आणे टाकले आणि मला म्हणाले, “बघ, किती धीट हाय पोरगी.” पाळण्यात बसवलं नाही, कारण माझ्या वयाला तो धोक्याचा होता.

कुठल्याही शिक्क्याची तिथे गरज नव्हती. त्या खेळात अश्लील काही नव्हतं, वाह्यात काही नव्हतं. लहान मुलांनी बघायला अगदी योग्य. फक्त जी ते करत होती ती लहान मूल होती. सर्कशीत मुलांना कामाला लावायला सर्वोच्च न्यायालयानं मनाई केली २०११ साली. विष्णुपंतांच्या पहिल्या खेळानंतर एकशे एकतीस वर्षांनी आमचं लक्ष खुर्च्यांवरून वर, झोक्याकडे गेलं.

सिनेमा-मालिकांतल्या मुलांची गोष्टही तशीच. १९८६ चा बालमजुरीचा कायदा २०१६ साली दुरुस्त झाला आणि १४ वर्षांखालच्या मुलांना कामाला लावायला सरसकट बंदी आली. मोजके अपवाद ठेवले, त्यात एक बालकलाकारांचा. २०१७ साली त्याचे नियम झाले: दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, आणि कमाईतली किमान वीस टक्के रक्कम राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावे मुदत ठेवीत. हा नियम वाचून बँकवाला म्हणून मला बरं वाटलं. शंभर-सव्वाशे वर्षांच्या खतावणीत कोऱ्या रकान्यात पडलेली ही पहिली खरी नोंद. उरलेले ऐंशी टक्के कोणाच्या खात्यात जातात, हा प्रश्न मात्र नियमात नाही, आणि काउंटरवर विचारायची आम्हाला परवानगी नाही.

मोबाईलवरच्या पोरीला यातला नियम कोण लावणार? तिथे कंपनी नाही, मॅनेजर नाही. निर्माता बाप, दिग्दर्शक आई. घर हाच स्टुडिओ. एका दुपारी एक गृहस्थ आठ-नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन खातं उघडायला आले. चेहऱ्यावरचा रंग तसाच होता, केसांत चमकी. तिचे नाच लाखभर लोक बघतात, असं त्यांनी मला मोबाईलवर आकडा दाखवून सांगितलं. अभिमान होता, आणि खरं सांगायचं तर माणूस वाईट नव्हता. यंत्रमाग बंद पडलेला, घरावर कर्ज. फॉर्म भरेपर्यंत पोर प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसल्या बसल्या झोपली, मान एका बाजूला पडली. “काल रात्री दोन वाजेपर्यंत शूटिंग चाललं,” असं ते म्हणाले. मी ‘अज्ञान पालनकर्ता’ या रकान्यापुढे त्यांची सही घेतली. शिपायानं जाऊन तिच्या मानेखाली त्यांच्याच पिशवीची घडी सरकवली.

२०२५ च्या डिसेंबरात ऑस्ट्रेलियानं सोळा वर्षांखालच्या मुलांना समाजमाध्यमांवर खातं ठेवायला बंदी केली. आमच्या शाखेत त्यावरही चर्चा झाली, आणि हेडकॅशियर अपेक्षेप्रमाणे “आमच्या वेळी” म्हणाले. बंदी चांगली की वाईट हे काळ ठरवील. मला एवढंच दिसतं की बापाच्या खात्यावर नाचणाऱ्या पोरीला तिनं काही फरक पडत नाही. बंदी पुन्हा बघणाऱ्यांच्याच दारावर उभी आहे.

मग मुलांनी रंगमंचावर येऊच नये का? तसं मी म्हणणार नाही, आणि सोलापूरकराला तर ते म्हणताच येणार नाही. कारण ९ सप्टेंबर १९३८ रोजी आमच्या या गावात मास्टर दीनानाथांच्या मैफलीत त्यांची थोरली मुलगी गायली. लोकांसमोर शास्त्रीय गाणं गायची तिची ती पहिलीच वेळ. नऊ वर्षं पूर्ण व्हायला अजून एकोणीस दिवस होते. आधी तिनं खंबावती म्हटला, मग वडील गायला बसले. ही पोर तिथेच रंगमंचावर, वडिलांच्या मांडीवर डोकं ठेवून झोपी गेली. ही आठवण पुढे खुद्द लता मंगेशकरांनीच सांगितली आहे.

या विषयावरचे सगळे कायदे, दुरुस्त्या आणि शिक्के वाचून झाल्यावर मला अजून कुठे एवढा सोपा नियम सापडलेला नाही. दीनानाथांचं गाणं चालू होतं, तिकीट काढून आलेले लोक समोर होते, आणि पोरीला झोप आली तेव्हा झोपायची सोय होती. कोणी तिला हलवून उठवलं नाही. त्यानंतर चारच वर्षांनी, एप्रिल १९४२ मध्ये, दीनानाथ गेले. तेराव्या वर्षात असलेली तीच मुलगी तोंडाला रंग लावून सिनेमात कामाला उभी राहिली. पाठीवर चार भावंडं होती. अभिनय आपल्याला कधीच आवडला नाही, हेही त्यांनीच पुढे सांगितलं. मूल तेच, कला तीच, घराणंही तेच. मधे फक्त एक मांडी नाहीशी झाली होती.

सिनेमाला सात, तेरा, सोळा असे शिक्के जरूर असावेत. माझी हरकत नाही. आमच्याकडेही शिक्के मारल्याशिवाय काही पुढे सरकत नाही. पण धाकटीच्या हातातला मोबाईल काढून घेताना आता मी नुसतं तिचं वय विचारात घेत नाही. तिच्या शेजारी बसतो आणि आम्ही दोघं मिळून पडद्यावरच्या पोरीचं वय किती असेल याचा अंदाज करतो. बहुतेक वेळा पुढचं बघायची आमची इच्छाच राहत नाही. परवा एक लहानगा पेटी वाजवताना दिसला. मध्येच जांभई देऊन तो उठला आणि आजोबांच्या कुशीत शिरला. आजोबांनी हसून तसंच चित्रण बंद केलं. तो मात्र आम्ही दोनदा बघितला.